अनुभव धागा: परदेशातलं उपनगरातलं घर आणि आपल्या मागण्या

अमेरिका-कॅनडात घर घेताना बिल्डरकडे काय मागितलंत? खाली आई-बाबांची खोली, फोडणीचा वेगळा ओटा, देवघर... काय जमलं नि काय फसलं, दोन्ही लिहा.

फ्रिस्को, टेक्सास
मॉडेल होममध्ये, म्हणजे बिल्डरच्या नमुना घरात, विक्रेतीनंच विचारलं, "खाली बेडरूम आणि शॉवरसकट बाथरूम हवी ना?" आमच्याआधी बऱ्याच देशी मंडळींनी तिचं डोकं खाल्लं असणार! लेनार या बिल्डर कंपनीनं २०११ मध्ये आणलेलं 'नेक्स्ट जेन', म्हणजे स्वतंत्र दार आणि छोटं किचन असलेलं घरातलं घर, तेही पाहिलं. बजेटबाहेर गेलं.

त्या खालच्या खोलीतली आई
मुलगा-सून हौसेनं खोली दाखवतात. छान आहे, गुडघ्यांना जिना नाही. पण एसीचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट एकच, तोही वर. वरच्यांना उकडतं म्हणून एसी सुरू, नि मी भर जुलैत स्वेटर घालून! खाली वेगळा झोन, म्हणजे स्वतंत्र थर्मोस्टॅट, मागून घ्या हो.

एडिसन, न्यू जर्सी
आमचा मुद्दा हूडचा, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या चिमणीचा. बिल्डरनं शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवला होता. त्याचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून तोंडावर सोडतो. पहिल्याच दिवशी मिरचीची फोडणी दिली. ठसका वरच्या बेडरूमपर्यंत, स्मोक अलार्मची बोंब वेगळीच. शेवटी भिंत फोडून डक्ट, म्हणजे हवेची नळी, बाहेर काढला. दणकट हूड घेताना जपून: अमेरिकेच्या प्रमाण निवासी कोडात, म्हणजे घरबांधणीच्या नमुना नियमावलीत, घरात धुराड्याचं गॅस उपकरण असेल आणि हूड मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त हवा खेचत असेल, तर तेवढी हवा आत घ्यायची सोय लागते. बिल्डर हे आपणहून सांगत नाही. बांधकाम चालू असतानाच डक्ट मागा.

रिचमंड हिल, ओंटारिओ
इथल्या नगर परिषदेनं २०१३ मध्ये नव्या घरांना ४ नंबर देणं बंद केलं, चिनी कुटुंबांना तो अशुभ म्हणून. आम्ही हसलो. मग पूर्वाभिमुख प्लॉटसाठी जादा पैसे मोजले.

व्हँकुव्हर
आमचं जुनं 'व्हँकुव्हर स्पेशल'. १९६५ ते १९८५ दरम्यान अशी हजारो घरं झाली. मुख्य घर वरच्या मजल्यावर, तळमजला जमिनीलगत. तिथे ओटा टाकून सासू-सासरे ठेवा नाहीतर भाडेकरू. लोकांनी कुरूप म्हणून नावं ठेवली, पण बाहेरून आलेल्या कितीतरी कुटुंबांचे हप्ते त्या तळमजल्यानंच फेडले. खालच्या दुसऱ्या किचनचं परमिट कुणी हल्ली काढलंय का? आमचं अडकलंय.