माझदाचा तिकोनी हट्ट: कौतुक करायचं की कीव?

मेलबर्नची_मावशी (धागाकर्ती)

परवा गणपतीच्या तयारीच्या मीटिंगला दोघेजण रोटरी इंजिनावरून असे जुंपले की मोदकांची यादी करायची राहूनच गेली. एकाचं म्हणणं, गाडीच्या धंद्यात खरी हिंमत दाखवली ती एकट्या माझदाने. मी तोंड दाबून बसले होते, ते इथे उघडते.

माझं मत सरळ आहे. लोक माझदाचं कौतुक चुकीच्या गोष्टीसाठी करतात. १९२० मध्ये हिरोशिमात कॉर्कचा, म्हणजे बुचाचा, कारखाना म्हणून ही कंपनी निघाली. तोयो कॉर्क कोग्यो. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा तिचा अध्यक्ष झाला, बुचं मागे पडली, यंत्रं आली आणि १९३१ मध्ये तीनचाकी मालगाडी निघाली, आपल्या तीनचाकी टेम्पोची आजीच म्हणा. पहिली चारचाकी मोटार १९६० ची, आर३६०, इंजिन फक्त ३५६ सीसीचं. इथवर कसं, पाय जमिनीवर होते.

मग १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार करून वांकेल, म्हणजेच रोटरी, इंजिन घरात आणलं. पिस्टन वरखाली करायच्याऐवजी तिकोनी रोटर गरगरा फिरतो, ते हे. १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट आली, सुंदर गाडी, वादच नाही. पण १९७३ ला तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल ढोसणारं इंजिन गळ्यात पडलं. सुमितोमो बँकेला मधे पडावं लागलं, कारखान्यातली हजारो माणसं शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवली, १९७७ ला मात्सुदा घराण्यातला शेवटचा अध्यक्ष पायउतार झाला, १९७९ ला फोर्ड पाव हिस्सा घेऊन घरात शिरली. एका इंजिनाच्या नादापायी घराची किल्ली गेली.

आणि मी सात वर्षं चालवते ती माझदा ३? साधी दोन लिटरची, चार सिलिंडरची. गिअरबॉक्ससुद्धा जुन्या वळणाचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक, हल्लीचा बिनपायऱ्यांचा सीव्हीटी नाही. ग्रेट ओशन रोडच्या वळणांवर स्टिअरिंग हातात असं बसतं की जणू पुढची चाकं मनगटालाच जोडलीत. ऑस्ट्रेलियात २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वाधिक खपलेली गाडी हीच होती. तिच्यात तिकोनी काहीही नाही. मग पूजा कशाची चाललीय?

वळणदार

मावशी, इतिहास बरोबर, निदान चूक.

१९६० च्या सुमाराला जपानचं व्यापारमंत्रालय म्हणत होतं की इतक्या मोटार कंपन्या हव्यात कशाला, लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावं. हिरोशिमासारख्या आडबाजूच्या गावातल्या, काल-परवा मोटारी करायला लागलेल्या कंपनीला टोयोटाने गिळलं असतं, नाहीतर निस्सानने. तेव्हाचा अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा, त्याला अशी गोष्ट हवी होती जी दुसऱ्या कुणाकडे नाही. रोटरी ही चैन नव्हतीच, आधारकार्ड होतं ते.

आणि जर्मनीहून आलं ते काही तयार इंजिन नव्हतं. रोटर फिरला की आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे पडायचे. इंजिनिअर त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणायचे. इंजिनिअर केनइची यामामोतो आणि त्याची ४७ माणसं त्यावर बसली, ४७ रोनिनच्या (धनी गमावलेल्या सामुरायांच्या) जपानी कथेवरून त्यांना तेच नाव पडलं. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची सील करून त्यांनी ते ओरखडे थांबवले. मूळ मालक एनएसयू रो ८० ही रोटरी गाडी काढून जेरीला आली, शेवटी फोक्सवॅगनच्या पोटात गेली. माझदा उरली. तिच्या आरएक्स-७ या रोटरी गाडीच्या तीन पिढ्या मिळून आठ लाखांवर गाड्या निघाल्या. याला नाद म्हणायचं?

१९९१ चं ल मां, फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, विसरलात की मुद्दाम गाळलंत? माझदाची ७८७बी, ५५ नंबर, चार रोटर. चोवीस तासांत ३६२ फेऱ्या. ती शर्यत जिंकणारी पहिली जपानी गाडी. टोयोटाला तिथं पोचायला २०१८ उजाडलं.

पाकीटमार (न्यू जर्सी)

ल मां आलंच आहे तर पुरतं सांगा की. मर्सिडीजच्या गाड्या हजार किलो किमान वजनाच्या नियमात अडकलेल्या आणि माझदाला ८३० किलोची सवलत. शिवाय पुढे असलेली मर्सिडीज शेवटच्या काही तासांत बंद पडली. जिंकले, अभिनंदन, पण तराजू वाकडा होता.

वळणदार

सवलत मागून घ्यायला अक्कल लागते. आणि चोवीस तास न मोडता पळणं हाच तर त्या शर्यतीचा विषय आहे. ज्या इंजिनाला ‘नाजूक’ म्हणून हिणवता तेच टिकलं, पिस्टनवाली मोडली. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट उतरल्यावर चक्कर येऊन पडला, बक्षीस घ्यायला उभा राहू शकला नाही. माणूस खलास झाला, इंजिन नाही.

दादर_टीटी

अवांतर: माझदा हे नाव अर्धं मात्सुदावरून आणि अर्धं पारशांच्या अहुर मझ्द या देवावरून आलंय, असं कंपनी स्वतःच सांगते. त्यामुळे आमच्या पारशी कॉलनीत ही गाडी हवी होती आणि भारतात कधी विकायलाच आली नाही! जपानीत म्हणे नुसतं ‘मात्सुदा’ म्हणतात. आपला ‘माझा’तला झ परदेशात कुणाला जमत नाही, हे मात्र आपल्या बाजूचं.

एसटीप्रेमी

कोण म्हणतो आली नाही? आमची शाळेची मिनीबस स्वराज माझदाच होती. ऐंशीच्या दशकात जपानी हात धरून चार छोटे ट्रक आले होते: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, आयशर मित्सुबिशी आणि ही. मला वीस वर्षांचा होईपर्यंत माझदा म्हणजे पिवळ्या बसचं कुळ वाटायचं. स्पोर्ट्स कार करतात हे कळलं तेव्हा, एसटी महामंडळाने फरारी काढली असं सांगितल्यासारखं झालं. चालू द्या.

नाना_मस्कत

मी मूळचा रत्नागिरीचा, बावीस वर्षं आखातात गॅरेजला. रोटरी उघडलेली आहेत, तेव्हा दोघांच्या मध्ये पडतो.

समोसा घ्या. कंबरेला किंचित दाबलेल्या लांबट डब्यात तो फिरवा, असा की तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत राहतील. झालं रोटरी इंजिन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, फिरणारे भाग बोटावर मोजण्याइतके. म्हणून ते इतकं लहान, हलकं आणि शिवणयंत्रासारखं गुळगुळीत पळतं. १३बी इंजिन म्हणजे दोन समोसे, मिळून १.३ लिटर. दोन माणसं हातांनी उचलतात.

आता दुखणं. पिस्टनची रिंग गोल असते, सगळीकडून टेकते. समोशाच्या टोकावरची सील, अपेक्स सील, भिंतीला नुसत्या एका रेषेवर टेकते. तिला वंगण मिळावं म्हणून पंप मुद्दाम थोडं तेल आत सोडतो आणि ते जळतं. म्हणजे रोटरी तेल पिते हा बिघाड नाही, रचना आहे. दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची सवय नसेल त्याने वाटेला जाऊ नये. जळायची जागाही लांब आणि चपटी, ज्योत कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत काही पेट्रोल तसंच बाहेर जातं. मावशी म्हणतात तो ढोसण्याचा प्रकार इथून येतो.

आणि एक. थंड इंजिन चालू करून गाडी दहा फूट सरकवायची आणि लगेच बंद करायची, हे रोटरीला चालत नाही. आत पेट्रोल साचतं आणि मग बसा किल्ली फिरवत. आपल्या सोसायटीतल्या पार्किंगमध्ये दिवसातून चारदा ‘जरा गाडी मागे घ्या’ होतं. विचार करा.

मेलबर्नची_मावशी

नाना, समोशाने माझीच बाजू मांडलीत. धन्यवाद.

नाना_मस्कत

नाही मांडली. ते इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढताना ज्याने ऐकलंय तो हिशोब करत नाही. मी फक्त आत काय आहे ते सांगितलं.

पाकीटमार (न्यू जर्सी)

माझ्याकडे माझदाचीच सीएक्स-५ आहे, तिसरं वर्ष. आतलं काम बघून आमचा जर्मन गाडीवाला शेजारी गप्प झाला, एवढं पुरे. पडद्याला बोट लावण्याऐवजी मधली गोल कळ फिरवायची, ती पहिले पंधरा दिवस जड जाते, मग रस्त्यावरची नजर न हलवता हात आपोआप जातो.

पण मावशी, तुमच्या हिशोबात भोक आहे. फोर्ड १९७९ ला आली ती पाव हिस्स्यावर. सूत्रं खरी हातात गेली १९९६ ला, ३३.४ टक्के झाल्यावर. जपानी मोटार कंपनीचा पहिला परदेशी अध्यक्ष तेव्हाच बसला, हेन्री वॉलेस. त्याला रोटरी कारण नव्हती. ऐंशीच्या शेवटी पैसा उतू जात होता तेव्हा यांनी जपानात एकाच कंपनीची पाच दुकानं थाटली: माझदा, युनोस, ऑटोझॅम, अन्फिनी, ऑटोरामा. तीच गाडी चार नावांनी. वर अमेरिकेसाठी अमाती नावाचा श्रीमंती ब्रँड काढायला निघाले, तो १९९२ ला जन्माआधीच गेला. जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला आणि सगळं अंगावर आलं. टोयोटासारखं मोठं व्हायचा मोह नडला. तिकोनाचा काय संबंध?

मेलबर्नची_मावशी

हे मान्य. पाच दुकानांचं मी विसरले होते. पण मोह काय आणि हट्ट काय, दोन्हीत आरसा बघायची सवय नाही हे समान. माझा मुद्दा उरतोच: कंपनीला भाकरी कुणी दिली? १९८९ ची एमएक्स-५ घ्या. दोन माणसांची उघडी गाडी, साधं चार सिलिंडरचं इंजिन, २०१६ मध्ये दहा लाखांचा आकडा पार. २०१२ नंतरची स्कायॲक्टिव्ह इंजिनं घ्या. सगळं जग छोट्या इंजिनांना टर्बो लावत होतं तेव्हा यांनी पेट्रोलचं कॉम्प्रेशन (आतलं मिश्रण किती पट दाबायचं ते) १४ वर नेलं आणि डिझेलचं १४ वर उतरवलं. हा अभ्यास मला रोटरीपेक्षा मोठा वाटतो. त्याच्यावर पोस्टर कुणी लावत नाही.

वळणदार

१४ चं कॉम्प्रेशन करायचं धाडस आलं कुठून? सगळे डावीकडे जात असताना उजवीकडे वळायची खोड त्याच ४७ जणांपासून घरात शिरली. यामामोतो पुढे त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला आणि तुमच्या लाडक्या एमएक्स-५ ला त्याच्याच काळात होकार मिळाला. आता बोला.

सकुरा_आणि_सांडगे (हिगाशी-हिरोशिमा)

आठ वर्षं इथे आहे, शिकायला आले ती राहिलेच. तुमचा वाद वाचून मजा येतेय, पण इथे तो कुणी या शब्दांत घालत नाही.

जुजिरो मात्सुदाचा जन्म ६ ऑगस्ट १८७५ चा. म्हणजे बाँब पडला तो त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी. कारखाना शहराच्या पूर्वेला, मधे हिजियामाची टेकडी, म्हणून इमारती बऱ्याच वाचल्या. प्रांताचं सरकारी कार्यालय उद्ध्वस्त झालं होतं, ते त्याच महिन्यात या कारखान्यात हलवलं आणि जवळजवळ वर्षभर तिथूनच चाललं. डिसेंबर १९४५ मध्ये तीनचाकी पुन्हा बाहेर पडायला लागली. गावाच्या उभारणीचा माल ज्या गाड्यांवरून गेला त्या ह्या.

आमच्या घरमालकीण आजी बेसबॉलच्या वेड्या. टीमचं नाव हिरोशिमा तोयो कार्प, त्यातला ‘तोयो’ म्हणजे जुनी तोयो कोग्योच. मैदानाला माझदाचं नाव. त्यांना रोटरीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ‘आवाज करायची, पण आमची होती.’ एवढंच. कारखान्याच्या संग्रहालयात ७८७बी ठेवलीय, नारिंगी-हिरवी. शाळेच्या पोरांना दाखवायला आणतात, तेव्हा मास्तर वजनाच्या सवलतीचं सांगत नाहीत, हे पाकीटमार यांनी पोटात घालावं.

पाकीटमार (न्यू जर्सी)

घातलं.

वळणदार

आणि रोटरी परत आलीय बरं का. २०२३ ची एमएक्स-३० आर-ईव्ही. एकच रोटर, ८३० सीसी. चाकांना जोडलेला नाही, बॅटरी भरायला जनरेटर म्हणून.

मेलबर्नची_मावशी

म्हणजे ल मां जिंकणाऱ्याला शेवटी सोसायटीचा जनरेटर चालवायला बसवला.

वळणदार

निवृत्तीनंतर लोक सेक्रेटरी होतातच की.

नवशिक्या_७७

सगळे प्रतिसाद वाचले. सध्या ऑकलंडला आहे, २००६ ची आरएक्स-८, रोटरीवाली, स्वस्तात मिळतेय. विकणारा म्हणतो, इंजिन एकदम ‘मख्खन’. घेऊ का?

मेलबर्नची_मावशी

अजिबात नको.

वळणदार

डोळे मिटून घे.

नाना_मस्कत

डोळे उघडे ठेव. कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय एक डॉलर देऊ नकोस. आणि नेहमीचा मीटर चालत नाही, रोटरीचा वेगळा येतो. दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे सहा आकडे. इंजिन गरम असताना घ्यायचे. विकणारा ‘आत्ताच चालवून आणलीय, कशाला टेस्ट’ म्हणाला तर तिथूनच परत फीर. सहा आकडे इथे टाक, मग बोलू.