लागवडीने रानटी अळिंबी वाचेल का?

वरील एका प्रतिसादात, अळिंबीची लागवड सुरू झाली की रानातील जातीवरचे संकट आपोआप टळेल, असे म्हटले आहे. सिसिलीतील प्ल्युरोटस नेब्रोडेन्सिस या अळिंबीचे उदाहरण पाहता हे मत मला अर्धवट वाटते. मादोनीए पर्वतातील चुनखडीच्या कुरणांवर, सुमारे १२०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर, ती प्रांगोस फेरुलेसिया या बडीशेपेच्या कुळातील वनस्पतीच्या सोबतीनेच उगवते. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. तिची चव हेच तिचे दुर्दैव: बाजारात दर इतका मिळतो की ती कोवळी असतानाच खुडली जाते आणि बीजाणू पसरण्याची संधी तिला मिळत नाही. लागवडीमुळे खुडणीचा ताण काहीसा हलका होईल, हे मान्य. पण चीनमध्ये पिकवली जाणारी 'बाइलिंगगू' ही अळिंबी बरीच वर्षे प्ल्युरोटस नेब्रोडेन्सिस याच नावाने ओळखली जात असे आणि ती वेगळी असल्याचे पुढे जनुकीय अभ्यासातून दिसले, त्यामुळे नेमके काय पिकवले जाते, हेही तपासावे लागते.

त्याच पर्वतातील एबीस नेब्रोडेन्सिस या फर वृक्षाची रानात जेमतेम ३० प्रौढ झाडे उरली आहेत. तिथे खुडणीचा प्रश्नच नाही. झाडे विरळ असल्याने स्वपरागण होते, आणि जवळपास लावलेल्या परक्या फर जातींशी संकर होण्याचा धोका वेगळाच. अशा ठिकाणी रोपवाटिकेइतकेच परागणावरील नियंत्रण महत्त्वाचे ठरते.