सल्ला हवा: थोरवी आणि सौंदर्य, बडोद्यात एका दिवसात काय काय बघावं?

दांडियाबाजारकर
मंडळी, आमच्या वाचनकट्ट्याने यंदा विषय घेतलाय, 'थोर कशाला म्हणायचं आणि सुंदर कशाला'. पावसाळाभर नुसता काथ्याकूट झाला. आता सगळ्यांचं म्हणणं पडलं की बोलणं पुरे, प्रत्यक्ष काहीतरी बघू. पंधराएक जण आहोत, निम्मे साठीच्या पुढचे, दोघांचे गुडघे कुरकुरतात. एक दिवस हाताशी आहे, गाडी ठरवलीय. लक्ष्मीविलास राजवाडा धरलाच आहे, बाकी काय बघावं आणि कुठल्या क्रमाने? आधी वाचून यायला मराठीत काही असेल तर तेही सांगा. आणि कृपा करून 'बकिंगहॅमच्या चौपट' हे वाक्य कुणी टाकू नका, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तेच ऐकवत असतो.

गल्लीतला गणपत
चौपट! चौपट!
बाकी काका, कमाटी बाग, मग सेवउसळ, मग घरी येऊन झोप. थोरवी पण झाली, सौंदर्य पण झालं.

रेषावेडी
काका, राजवाडा शेवटी ठेवा. वेळ उरला नाही तरी फार बिघडत नाही. दिवसाची सुरुवात कीर्तिमंदिरापासून करा.

कारण सांगते. कीर्तिमंदिर सयाजीरावांनी गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ बांधून घेतलं. वर शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा कोरलेली पृथ्वी. म्हणजे बाहेरून बघाल तर सगळा थाट 'आमचं घराणं थोर' असाच. आणि आत भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांची चित्रं. १९३९ ला काम सुरू झालं, त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराज गेले, आणि शेवटची भिंत १९४६ च्या सुमाराला पुरी झाली. आता त्या चार भिंतींवर काय आहे ते बघा. गंगावतरण, मीरेचं आयुष्य, नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध, त्यात अभिमन्यू.

म्हणजे घराण्याच्या कीर्तीसाठी उभारलेल्या वास्तूत भिंतीवर कोण आहे? राजघर सोडून गेलेली एक सून. चक्रव्यूहातून जिवंत न परतलेला एक पोरगा. आणि नटीर पूजेतली श्रीमती, जी राजाज्ञा मोडते! रवींद्रनाथांच्या १९२६ च्या नाटकातली ही दरबारी नर्तकी. अजातशत्रूच्या राज्यात बुद्धपूजेला बंदी असते, स्तूपापुढे नाचून तो विटाळायचा हुकूम तिला होतो. ती नाचते, पण नाचता नाचता एकेक दागिना उतरवत जाते, शेवटी अंगावर भिक्षुणीचं वस्त्र उरतं, आणि तिथेच तिला मारतात. शांतिनिकेतनात हे नाटक झालं तेव्हा श्रीमतीचं काम नंदलालांच्या मुलीने, गौरीने केलं होतं. ते डोक्यात ठेवून ती भिंत बघा. गायकवाडांच्या एकाही लढाईचं चित्र तिथे नाही. मला विचाराल तर तुमच्या कट्ट्याला पावसाळाभर जे सुटलं नाही त्याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

घाई करू नका. पंधरा मिनिटांत 'बघून झालं' म्हणणारे लोक मी पाहिलेत. एका भिंतीपुढे खुर्ची टाकून बसायला मिळतं का ते आधी विचारून ठेवा, गुडघेवाल्यांचीही सोय होईल.

जुना बडोदेकर
रेषावेडीताई, सगळं मान्य. पण तुम्हा चित्रकलेतल्या लोकांना नंदलाल सुरू झाले की रविवर्मा दिसेनासे होतात. त्यांचं नावही घेतलं नाहीत!

दांडियाबाजारकर, राजवाड्याच्या आवारातलं फतेहसिंह संग्रहालय चुकवू नका. तिकीट वेगळं आहे, सोमवारी बंद. सयाजीरावांनी १८८८ मध्ये रविवर्म्यांना चौदा पौराणिक चित्रं सांगितली, १८९० पर्यंत ती पुरी झाली. अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, आणि मला सर्वांत आवडणारं नल-दमयंती. राज्य गेलेला राजा झोपलेल्या बायकोला रानात टाकून निघालाय. थोर माणूस आयुष्यातल्या सगळ्यात हलक्या क्षणी कसा दिसतो, हे रंगवायला छाती लागते. कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता या कलासमीक्षकांनी या चित्रांना नाटकी म्हटलं. असतील नाटकी. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती मात्र याच माणसाच्या छापखान्यातून आली, आणि नऊवारीतली देवी आपल्याला परकी वाटत नाही त्याला कारणही हाच. कीर्तिमंदिर सकाळी, रविवर्मा त्यानंतर लगेच, असा क्रम लावा आणि भांडण गाडीत होऊ द्या.

रेषावेडी
जुने बडोदेकर, घेतलं नाव. रविवर्मा :) पण मेनकेपेक्षा विश्वामित्राकडे बघा म्हणावं लोकांना, तिथे चित्रकार जास्त सावध आहे.

अंकोट्टक
कमाटी बागेतलं म्युझियम सगळे विसरले. तिथे गेलं की पोरं निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे उभी राहतात आणि मोठी माणसं ममीपुढे. त्यात गैर काही नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये भव्यतेबद्दल जे मांडलं त्याचा एक भाग नेमका हाच आहे. नजरेत न मावणारं काही समोर आलं की कल्पनाशक्ती थकते, आणि त्या थकण्यातूनच आपल्यातली बुद्धी त्याहून मोठी आहे हे जाणवतं. त्यामुळे देवमासा कार्यक्रमात ठेवाच.

पण खरं बघायचं ते अकोट्याचे जैन कांस्यपुतळे. अकोटा म्हणजे आपलंच, बडोद्यातलं अकोटा, जुनं अंकोट्टक. त्यातला जीवंतस्वामी साधारण सहाव्या शतकातला. महावीर अजून राजपुत्र आहेत, डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, आणि तशा वेषातच ध्यानाला उभे. वरची प्रभावळ नाही, हात शाबूत नाहीत, तरी पुढून हलवत नाही. शेजारी चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी बाई, शोधा, तीही लहानशीच.

आता गंमत अशी की एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ मध्ये वाटणी करून ठेवली होती. भव्य ते अवाढव्य, अंधारं, धडकी भरवणारं. सुंदर ते लहान, गुळगुळीत, नाजूक. चामरधारिणी त्याच्या सुंदरच्या खान्यात बिनतक्रार बसते. जीवंतस्वामी तिच्याइतकाच गुळगुळीत, आकाराने देव्हाऱ्यातला, पण त्या खान्यात बसत नाही. बर्कला बडोद्याला आणायला हवा होता. श्रीमती दागिने उतरवून मोठी होते आणि हा दागिने अंगावर ठेवून, यावर कट्ट्यात एक अख्खी संध्याकाळ निघेल.

वाचायला: रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा', १९७४. जाडजूड आहे, सगळी वाचायला सांगाल तर सहलीला कुणी येणार नाही. कांटवरचा भाग तेवढा एकाने वाचून बाकीच्यांना सांगावा. आपल्याकडचं हवं तर कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेतली चित्राची सहा अंगं घ्या: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. एका कागदावर मावतात. कागद हातात धरून चित्रापुढे उभं राहिलं की बोलायला काहीतरी सापडतंच. सहांत 'मोठेपणा' असं वेगळं अंग नाही, हेही बघा.

गल्लीतला गणपत
एवढं सगळं एका दिवसात? काका, साठीच्या पुढचे म्हणालात ना?

सूरसागरकाठ
गणपतचं बरोबर आहे. म्युझियमच्या चित्रदालनात युरोपियन चित्रं आहेत, तिकडे वळलात तर दुपार गेली. यावेळी ते सोडा. त्याऐवजी तांबेकरवाडा करा, रावपुऱ्याकडे, तुमच्या घरापासून जवळ. एकोणिसाव्या शतकातला दिवाणांचा लाकडी वाडा, भिंतीभर चित्रं: कृष्णलीला, महाभारत, मराठी घरातली माणसं. देव आणि दिवाणजी एकाच उंचीचे. जिने मात्र चढे आणि अरुंद आहेत, गुडघेवाल्यांना खाली थांबावं लागेल. आत उजेड कमी असतो, तेव्हा सकाळीच जा.

दांडियाबाजारकर
सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय: सकाळी तांबेकरवाडा (ज्यांना जमेल त्यांनी), मग कीर्तिमंदिर, जेवण, कमाटी बागेत फक्त देवमासा आणि अकोट्याचे पुतळे, संध्याकाळी फतेहसिंह. जुने बडोदेकर, रविवर्मा नंदलालांनंतर लगेच येत नाहीत, मध्ये जीवंतस्वामी घुसले, चालवून घ्या. राजवाडा बाहेरून. आमच्यातल्या एक काकू मात्र अडून बसल्यात की दरबार हॉल बघितल्याशिवाय घरी जाणार नाही. त्यांना कोण समजावणार?

रेषावेडी
समजावू नका, दाखवा. फक्त नटीर पूजा आधी झालेली असू द्या.