मदत हवी आहे: भावाला कोरिया-अ‍ॅकॅन्थोसायटोसिस (हातपाय आपोआप उडण्याचा आनुवंशिक आजार), आणि बहिणीचं लग्न मामाच्या मुलाशी ठरलंय

खानापूर तालुक्यातून लिहितोय. लांबलंय, पण थोडक्यात सांगितलं की लोक "एकदा मिरजेला दाखवा" म्हणून मोकळे होतात.

भाऊ ३१ वर्षांचा, टेम्पो चालवायचा. पाच वर्षांमागं जेवताना ओठ चावायला लागला. मग चालताना मध्येच गुडघा दुमडायचा, खांदे उडायचे. गावानं निदान केलं: पितो. आम्हीही त्याचा शर्ट हुंगून बघितलाय, लपवत नाही. आईनं सौंदत्तीला नेऊन आणलं. रोप लावणीच्या दिवसांत बांधावरच फिट आली, तेव्हा कुठं दवाखाना धरला.

एका दवाखान्यात (नाव नको) फिटसाठी कार्बामाझेपिन दिलं. फिट थांबल्या, पण हातपाय जास्तच उडायला लागले. त्यावर "टेन्शन घेतो" म्हणून झोपेची गोळी. दोन वर्षं अशी गेली. शेवटी बेळगावातल्या एका डॉक्टरांनी सीपीके (स्नायू झिजले की रक्तात वाढतं ते) तपासलं, १८०० च्या वर, म्हणजे फारच जास्त निघालं, आणि मेंदूच्या आजारांच्या निम्हान्स दवाखान्याला चिठ्ठी दिली. राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली, बेंगळूर गाठलं.

तिथं हंटिंग्टनची (असेच हातपाय उडवणारा दुसरा आनुवंशिक आजार) तपासणी निगेटिव्ह आली. एमआरआयमध्ये मेंदूतला कॉडेट भाग आक्रसलेला. रक्त सलाइननं पातळ करून मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर तांबड्या पेशींना धोत्र्याच्या बोंडासारखे काटे. इकडच्या लॅबनं त्याच महिन्यात "पेशी नॉर्मल" लिहून दिलं होतं. साध्या काचेवर ते काटे दरवेळी दिसत नाहीत म्हणे. जीन तपासणीत व्हीपीएस१३ए नावाच्या जीनमध्ये दोष, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत तोच बिघाड. फिटची गोळी बदलली, हालचालींसाठी टेट्राबेनाझिन चालू आहे. आजार मुळातून बरा करणारं औषध नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रक्तात दोष म्हटल्यापासून आत्या बीट आणि खजूर पाठवते. त्याला अ‍ॅनिमिया नाहीच, हिमोग्लोबिन १३ आहे. काटे ही नुसती खूण, दुखणं मेंदूत आणि स्नायूंत. तिला समजावणं मी सोडलंय. बीट आम्ही खातो.

आता अडचणी. जीभ घास बाहेर ढकलते. भाकरी बंद झाली. आंबील आणि पेज जाते, पण मान मागं टाकून गिळतो आणि ठसका लागतो. रुमालाची गुंडाळी दातांत धरली की चावणं कमी होतं, का ते देव जाणे. कुणी दातांवर प्लेट बसवून घेतली आहे का? दिव्यांग कार्डासाठी कचेरीत "हा आजार यादीत कुठं आहे" विचारतात. २०१६ च्या कायद्यात जुनाट न्यूरॉलॉजिकल आजार आहेत, ते छापून नेणार आहे.

पण झोप उडवलीय ती दुसऱ्याच गोष्टीनं. आमची आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. दोघंही वाहक (एकच प्रत बिघडलेली, स्वतःला आजार नाही), म्हणून भावाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या. आता धाकटी, वय २४, तिचं लग्न दिवाळीनंतर आईच्या सख्ख्या भावाच्या मुलाशी ठरलंय. हिशेब मांडला तर मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी, त्याच्या मुलाची पाव. आई म्हणते, "घरातलं घरात ऱ्हाऊ दे, सोयरीक मोडशील." बहिणीची तपासणी करावी, तर तिलाच आजार निघाला तर? हा पंचविशी-तिशीत वर येतो. कुणी असं निभावलंय का?

प्रतिसाद, निपाणी:
दादा, आमच्या घरात आजार वेगळा, पण प्रश्न हाच होता. तुम्ही उलट्या टोकाला धरताय. आधी तपासायचं ते मामाच्या मुलाला. भावाचा बिघाड नेमका माहीत आहे, त्यामुळं त्याची तेवढीच एक जागा बघायची, सगळा जीन नाही. तो वाहक नसेल, तर बहीण वाहक असली तरी तिच्या मुलांना हा आजार होण्याची भीती जवळपास उरत नाही. मग बहिणीला स्वतःचं काही कळून घ्यायची सक्ती नाही. तिला आजार होईल का, हा प्रश्न निराळा. तो तिचा, तुमचा नव्हे आणि आईचाही नव्हे. मात्र रक्त द्यायच्या आधी समुपदेशन घ्या. बेंगळूरच्या सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्समध्ये विचारा. मामांना मराठीत सांगणारं कुणी हवं, तर तुम्हीच शेजारी बसा.
प्लेट आमच्याकडं बसवली होती, मऊ घ्या. आणि मान मागं टाकू देऊ नका, हनुवटी खाली घेऊन गिळायला शिकवा. स्पीच थेरपिस्ट दाखवून देतात.

मूळ धागाकर्ता:
मुलाला आधी, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण म्हणजे मामाला सांगणं आलंच. आज धाकटीला मळ्यात गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, रिपोर्ट तू कपाटात ठेवतोस." मामाला तीच फोन करणार आहे, तू करू नकोस म्हणते. आईला अजून सांगितलेलं नाही.