अंगणवाडीत येत नाहीत, कारण...

'कातकरी बायका अंगणवाडीत फिरकतच नाहीत, मग बाळं जन्मतः कमी वजनाची, २.५ किलोच्या आत भरणारच' असं कुणीतरी लिहिलंय. फिरकत नाहीत हे खरं. पण दिवाळीनंतर रायगडातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्याच्या वाड्या रिकाम्या होतात, हे कुणी लिहिलं नाही. पावसाळ्यात घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, फेडायला अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं. नाव वाडीच्या अंगणवाडीत, पोट भट्टीवर.

पेणजवळच्या एका भट्टीवर आठवा महिना लागलेली पोर उकिडवी बसून विटा पाडताना पाहिली. अंगणवाडीचा आहार मिळतो का विचारलं, तर म्हणाली, "कार्ड वाडीवर हाय, ताई." घराखालची जागाही बहुतेकदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. इंग्रजांनी अख्ख्या जमातीवर मारलेला 'गुन्हेगार' हा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला; दवाखान्यातल्या रांगेत अजून दिसतो, बारकाईने बघा.