पटकथेत स्वतःची खोटी कंपनी पुन्हा पुन्हा वापरायची आहे, मदत हवी

मंडळी, नमस्कार.

पटकथालेखन, कला दिग्दर्शन किंवा निर्मितीतल्या करारांची माहिती असलेल्यांनी कृपया हा धागा वाचावा.

हॉलिवूडचा दिग्दर्शक टॅरँटिनो याचे सिनेमे पाहणाऱ्यांना 'बिग कहुना बर्गर' आणि 'रेड ॲपल' सिगारेट या त्याच्या खोट्या कंपन्या सांगायला नकोच. 'पल्प फिक्शन'मध्ये (१९९४) सॅम्युएल जॅक्सन समोर बसलेल्या पोराचा बर्गर उचलून खातो, वर त्याची तारीफही करतो. तो बर्गर बिग कहुनाचा. त्याच सिनेमात ब्रूस विलिस बारमध्ये रेड ॲपलचं पाकीट मागतो. पुढे २०१९ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड'च्या शेवटी श्रेयनामावली सुरू असताना डिकॅप्रिओचं पात्र त्याच सिगारेटची जाहिरात करताना दिसतं. ज्याला माहीत आहे तो गालात हसतो, बाकीच्यांचं काही अडत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे एकाची कंपनी दुसऱ्याने उचलायची. 'लॉस्ट' मालिकेतलं कोसळलेलं विमान 'ओशॅनिक एअरलाइन्स'चं, पण हे नाव त्याआधी १९९६ च्या 'एक्झिक्युटिव्ह डिसिजन' सिनेमात येऊन गेलं होतं. खरी विमान कंपनी असल्या कथेला आपलं नाव कशाला देईल म्हणा! 'एलियन' सिनेमातल्या कंपनीचा लोगो 'फायरफ्लाय' मालिकेच्या पायलट (नमुन्यादाखल आधी बनवलेल्या) भागात तोफेच्या पडद्यावर क्षणभर चमकतो. मला हा प्रकार पहिल्यापेक्षाही आवडतो, पण दुसऱ्याचं उचलायची माझी हिंमत नाही.

तर माझी अडचण. वेब सिरीजसाठी लिहिताना मी चहा पावडरची एक कंपनी तयार केली आहे (नाव मुद्दाम देत नाही). एका कथेत वाण्याच्या दुकानात तिची पाकिटं लटकतात, दुसरीत एसटी स्टँडवर तिचा गंजलेला पत्रा आहे. दिग्दर्शक म्हणतो, कुणाच्या लक्षात येणार नाही, मग खटाटोप कशाला? माझ्या मते लक्षात न येण्यातच मजा आहे. मात्र एका प्रसंगात मी पात्राच्या तोंडीही ते नाव घातलंय, आणि तिथे ते ओढूनताणून वाटतंय. काढून टाकू का?

नावाचं म्हणाल तर ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ३० मध्ये, म्हणजे चहा-कॉफीच्या वर्गात, शोधून पाहिलं. तसं नाव सापडलं नाही. पण आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात नोंदणी न केलेले चहावाले असतात. उद्या त्यातला एखादा उभा राहिला तर 'सर्व पात्रे व घटना काल्पनिक आहेत' ही पाटी पुरते का?

सगळ्यात मोठी भीती कराराची आहे. पटकथेचे सगळे हक्क निर्मात्याला लिहून दिले, की ही कंपनीही त्याच्याकडे जाते का? तसं असेल तर दुसऱ्या निर्मात्याच्या कथेत मला ती वापरता येणार नाही, आणि सगळा खेळच संपला. निदान नाव तरी माझ्याकडे ठेवता येईल का? पाकिटाचं डिझाइन तर कला विभागच करणार, मग त्यावर हक्क कुणाचा?

कुणी करारात असं कलम घालून घेतलं असेल तर त्याचा मसुदा इथे टाका किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या आठवड्यात सही करायची आहे.