जग दाखवायचंय, पण नागपुरातूनच. काय काय करता येईल?

मामी_मानेवाडा
नमस्कार मंडळी. माझी भाची सातवीत आहे. देश, राजधान्या, झेंडे सगळं तोंडपाठ. पण आता तिचे प्रश्न बदललेत: इथे वाळवंट का, तिथे जंगल का, माणसं कुठून कुठे गेली? दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे येणार आहे. परदेशवारी आम्हाला परवडणारी नाही. ॲटलास, ठिकाणं, उपक्रम, काहीही सुचवा. व्हिडिओ ती बघतेच, त्याखेरीज काहीतरी हवं आहे.

प्रतापनगरवाला
ताई, आधी पृथ्वीगोल घ्या. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट मोठी आहे. गोल आणला की 21 अंश उत्तर अक्षांशावर दोरा लावा. नागपूर, मक्का, हनोई, होनोलुलू ही सगळी त्या दोऱ्याच्या आसपास सापडतील. सूर्य चौघांनाही जवळपास सारखाच मिळतो, तरी मक्केला वाळवंट आणि हनोईभोवती भातशेती. का, हे तिलाच शोधू द्या. वारे कुठून येतात, समुद्र कोणत्या बाजूला आहे, एवढं बघितलं तरी बरंच उलगडतं.

काळा_पत्थर
गोल घ्याच, पण सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून करा असं मी आग्रहाने सांगेन. नागपूरसारखी जागा त्यासाठी शोधून सापडणार नाही.

सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, आणि त्या काळ्या खडकाची पूर्वेकडची कड आपल्या शहराजवळच संपते. कामठीकडे गेलात की खडकच बदलतो. तिथल्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे मिळाले आहेत, 25 कोटी वर्षांहून जुने. हीच पानं दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातही सापडतात. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश संशोधक-प्रवासी स्कॉट आणि त्याचे साथीदार मरण पावले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड होते. त्यांतही हेच पान होतं! हे सगळे भूभाग कधीकाळी एकत्र होते, याचा हा मोठा पुरावा ठरला. त्या महाखंडाला भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूसने 1885 मध्ये नाव दिलं गोंडवानालँड, म्हणजे आपल्या गोंडांच्या मुलखावरून. आणि 1702 मध्ये नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजा. एवढं कळलं की मुलगी नकाशाकडे वेगळ्या नजरेने बघेल.

इथले जीवाश्म गोळा करून अभ्यासणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं, म्हणजे प्राचीन लोकांनी मांडलेले दगडांचे गोल, पाहून परतताना नदीत बुडाले. त्यांच्याबद्दलही तिला जरूर सांगा.

काटोल_रोड
शिलावर्तुळांचं नाव निघालंच आहे तं जुनापाणी सोडू नका. काटोल रोडने जवळच आहे. लोहयुगातल्या लोकांनी मृतांच्या स्मरणार्थ मांडलेले दगडांचे गोल, जवळपास 300. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेत, ते तिला शोधायला लावा. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल आणि गांबियातही दफनाशी जोडलेली अशी वर्तुळं आहेत, 2006 पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. काळ निराळा, लोक निराळे, तरी दगड गोलातच मांडले. त्यांचे फोटो घरी दाखवून मग न्या, पोरगी स्वतःच ताडून पाहील.

मामी_मानेवाडा
वा, हे तर माहीतच नव्हतं! जुनापाणीला लहान मुलांना घेऊन जाणं सोपं आहे का? आणि संस्कृती, धर्म यांबद्दल काय दाखवू?

काटोल_रोड
सोपं आहे, पण मोकळं माळरान आहे. सावली कमी, दुकान नाही. सकाळी निघा, पाणी घ्या, बंद बूट घाला. पावसानंतर गवत वाढलेलं असतं, तेव्हा पाय बघून टाका.

दक्षिण_अंबाझरी
दीक्षाभूमीला न्या. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली हे ती शाळेत शिकली असेलच, तुम्ही तिला अंगणातला बोधिवृक्ष दाखवा. तो श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या वृक्षाच्या फांद्यांपासून लावला आहे, आणि अनुराधापूरचा वृक्ष अशोकाच्या काळी संघमित्रेने बोधगयेहून नेलेल्या फांदीचा. बोधगया, लंका आणि परत नागपूर, हा रस्ता तिला गोलावर बोटाने काढायला सांगा. स्तूपाचा आकार सांचीवरून घेतला आहे, ते चित्रही सोबत ठेवा.

दसऱ्याला तिथे अफाट गर्दी असते, दिवाळीत निवांत बघता येईल. मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, त्याच आठवड्यात ठेवा, सोमवार सोडून. शिलालेख आणि आदिवासी दालनं आधी बघा, नाहीतर मुलं पक्षी-प्राण्यांपाशीच रमतात आणि वेळ संपतो.

मामी_मानेवाडा
सगळ्यांचे मनापासून आभार. गोल उद्याच आणते. काळा_पत्थर दादा, कामठीकडचे ते ठसे कुठे बघायला मिळतील?

काळा_पत्थर
ताई, खाणीकडे मुलीला नेऊ नका. एखाद्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात आधी विचारून जा, अशा विभागांत नमुने ठेवलेले असतात. सोबत भिंग न्या, पानाची जाळीदार शीर त्यातून छान दिसते.